फावला वेळ किती मिनिटांचा असतो?

प्रश्न : मी पाथरीची. आमची चार एकर शेती आहे, कापूस आणि सोयाबीन घेतो. मालक शेती बघतात. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे, मुलगी सातवीत, मुलगा चौथीत. उन्हाळ्यात मी पापड, कुरडया, खारोड्या घालते आणि नात्यागोत्यात त्याचं नाव निघतं. बचतगटाच्या बैठकीत आलेले पाहुणे दर वेळी सांगतात, 'घर सांभाळून फावल्या वेळात धंदा करा.' मला कुतूहल आहे ते असं, की हा फावला वेळ नेमका येतो कुठून? आणि ज्या बायकांच्या उद्योगांची नावं आपण ऐकतो, त्यांनी घर आणि धंदा दोन्ही खरंच जमवलं, की ते भाषणात सांगण्यापुरतंच असतं?

उत्तर : ताई, आधी वेळेचं बोलू, कारण तो मोजलेला आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं 2019 साली देशभरातल्या घरांत जाऊन विचारलं, की काल दिवसभरात तुम्ही कोणत्या कामाला किती वेळ दिला. स्वयंपाक, धुणी, भांडी, झाडलोट यांसारखी बिनपगारी घरकामं करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांची 97 मिनिटं, आणि तीही जे पुरुष घरकाम करतात त्यांची. त्या दिवशी घरातल्या कामाला हात लावलेले पुरुष होते शंभरात 26, बायका 81. पाच वर्षांनी, 2024 मध्ये, पुन्हा पाहणी झाली तेव्हा बाईची 289 झाली आणि पुरुषाची 88. म्हणजे बाईची दहा मिनिटं वाचली, पण ती पुरुषानं उचलली नाहीत. मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं मोजतात. आणि शेतात खुरपायला किंवा कापूस वेचायला गेलेला दिवस त्याहून वेगळा.

तेव्हा फावला वेळ नावाची शिल्लक तुमच्या दिवसात पडलेली नाही. जो असतो तो तुकड्यातुकड्यांचा असतो. मुलं शाळेत गेल्यावरचा पाऊण तास, दुपारी सासूबाई पडल्या की अर्धा तास, तोही कोणी दार वाजवेपर्यंत. 'फावल्या वेळात करा' हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. तो देणारा माणूस सहसा स्वतःचा धंदा फावल्या वेळात करत नाही.

पण तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर 'हो, जमवलं' असं आहे. कसं जमवलं ते मात्र भाषणात सांगत नाहीत.

लिज्जत पापडाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. 15 मार्च 1959, मुंबईतल्या गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची, सात गुजराती गृहिणी, 80 रुपये उसने आणि पहिल्या दिवशी चार पाकिटं पापड. पुढे हजारो बायका त्यात आल्या, आज सुमारे 45 हजार म्हणतात. 2021 साली संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री मिळाली. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात आणि ती आहेच. पण मला त्यातली कामाची वाटणी सगळ्यात मोलाची वाटते.

पापडाच्या धंद्यात कामं किती, ते बघा. डाळ आणायची, दळायची, मसाल्याचं माप धरायचं, पीठ मळून कुटायचं, लाट्या करायच्या, लाटायचं, वाळवायचं, तोलायचं, पाकिटं भरायची, दुकानात पोचवायची, उधारी वसूल करायची, हिशेब लिहायचा. लिज्जतमध्ये बायका पहाटे केंद्रावर जातात. पीठ तिथं मळून तयार असतं. कालचे वाळलेले पापड द्यायचे, ते तपासून तोलून घेतले जातात, लाटणावळ मिळते, आजचं पीठ घ्यायचं आणि घरी यायचं. घरी होतं ते फक्त लाटणं आणि वाळवणं. बाकीची सगळी कामं केंद्रावर.

हीच दोन कामं घरी का? कारण ती मध्येच सोडून उठता येतात. पोर रडलं, दूध उतू जायला लागलं, सासूबाईंनी हाक मारली, तर लाटणं ठेवायचं, पिठावर ओलं फडकं टाकायचं आणि जायचं. अर्ध्या तासानं परत बसलं तरी पापड बिघडत नाही. पीठ मळताना माप चुकलं तर मात्र सगळा घाणा जातो. दुकानदाराशी भावाचं बोलणं अर्ध्यावर टाकून उठता येत नाही. हिशेब लिहिताना तीनदा उठलात तर चौथ्यांदा बेरीज चुकते. त्या बायकांनी घर आणि धंद्याचा तोल साधला तो जास्त राबून नव्हे. तुटक वेळात मावणारं काम तेवढं त्यांनी घरात घेतलं आणि सलग वेळ मागणारं काम घराबाहेर, ठरलेल्या जागी, ठरलेल्या माणसांकडे ठेवलं. तुमच्या धंद्यालाही ही एक चाळणी लावून बघा. कोणतं काम हातातलं टाकून उठता येतं आणि कोणतं नाही?

तळणीचा फराळ यात बसत नाही. कढईत तेल तापलेलं असताना घरात लहान मूल असेल तर उठताही येत नाही आणि न उठून भागतही नाही. शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी बसते. ज्वारीची कडक भाकरी अर्धी बसते; सोलापुरात या भाकरीवर कितीतरी बायकांचा संसार चालतो, पण तिथं भाकरी थापणाऱ्या वेगळ्या आणि माल गाडीवर चढवणाऱ्या वेगळ्या. मसाल्याचं भाजणं सलग करावं लागतं, निवडणं आणि पाकिटं भरणं तुटक चालतं. शिवणकामात कटिंगला सलग वेळ लागतो, काजं-बटणं दुपारच्या तुकड्यात होतात. तुमचे पापड, कुरडया, खारोड्या या चाळणीतून चांगले पार पडतात. फक्त कुरडयांचा चीक शिजवणं आणि खारोड्यांची बाजरी शिजवणं ही दोन कामं सलग वेळेची आहेत. ती एकटीनं पाच वेळा करण्यापेक्षा गटातल्या पाचजणींनी मिळून एका ठिकाणी, मोठ्या पातेल्यात, आठवड्यातून दोनदा करा आणि तयार माल वाटून घ्या.

आता पाथरीचं. तुमच्याकडं घड्याळापेक्षा पंचांग जास्त आडवं येतं. सोयाबीन काढणीला येतं ऑक्टोबरच्या आसपास. कापसाची वेचणी तिथूनच सुरू होते आणि जानेवारीपर्यंत चालते. दिवाळी नेमकी त्याच तोंडावर येते. म्हणजे दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी, ज्यांच्यावर शहरातल्या बायकांचं वर्षाचं गणित असतं, त्या तुमच्यासारख्या शेतकरी घरातल्या बाईला सगळ्यात महाग पडतात. शेतात माणूस मिळत नाही, वेचणीचा भाव चढलेला असतो आणि तुम्ही चुलीपुढं. पुण्यातल्या कुणाचं बघून दिवाळीवर धंदा उभा करू नका.

उलट फेब्रुवारीपासून मेपर्यंत रान मोकळं असतं, ऊन असं, की कुरडई एका दिवसात खडखडीत, आणि पुढं लग्नसराई. रुखवतात मांडायच्या रंगीत कुरडया आणि पापड आता पुष्कळ घरी कुणी करत नाही, विकत आणतात. धोंड्याच्या महिन्यात अनारशांना मागणी असते, पण तो महिना साधारण तीन वर्षांनी एकदा येतो, त्यामुळे तो जमेत धरू नका, आला तर वरकड समजा. म्हणजे तुमचं पंचांग उन्हाळ्यात करायचं आणि वर्षभर विकायचं असं आहे.

पावसाळ्यात वाळवण थांबतं याचं वाईट वाटून घेऊ नका. लिज्जतचाही पहिल्या वर्षी पावसाळ्यात चार महिने धंदा बंद होता. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. हा जुगाड तुम्हाला करायची गरज नाही, कारण पावसाळ्यात तुमची खुरपणी असते आणि वर्षाची विश्रांती कुठंतरी हवीच. पुढं मागणी वाढली तर सौरवाळवणीचा विचार करा. आपल्या मराठवाड्यातच एस फोर एस टेक्नॉलॉजीज ही कंपनी शेतकरी बायकांना सौर वाळवणी यंत्रं पुरवून त्यांच्याकडून कांदा, आलं असा वाळलेला माल घेते. तिला 2023 साली अर्थशॉट हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथंही वाटणी तशीच आहे. वाळवणं बाईच्या अंगणात, बाजार शोधणं कंपनीकडं.

गिऱ्हाईक कोण, यावर थोडं थांबते. पाथरी हे साईबाबांचं जन्मस्थान मानून भाविक येतात, गुरुवारी जास्त. जानेवारी 2020 मध्ये सरकारनं पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा केली तेव्हा जन्मस्थानावरून वाद पेटला आणि 19 जानेवारीला शिर्डी बंद राहिली. त्या दिवसांत पाथरीत पुष्कळांनी दुकानांची स्वप्नं बघितली असतील. भाविकांना पाकीट जरूर विका. कल्याण-निर्मल महामार्ग गावातून जातो, त्याचाही उपयोग आहे. पण सगळा धंदा एका प्रकारच्या गिऱ्हाइकावर टाकू नका. असं का म्हणते, ते मुंबईतल्या खानावळवाल्या बायकांकडून शिकण्यासारखं आहे.

गिरणगावात, म्हणजे कापड गिरण्यांच्या भागात, गावाकडून एकटे आलेले कामगार खानावळीत महिन्याच्या बोलीवर जेवत. जेवण करणाऱ्या बायका घरातल्या चुलीवरच दहा, पंधरा, वीस माणसांचा स्वयंपाक करत. घरकाम हाच त्यांचा धंदा होता. कामगार महिनाअखेर पैसे देणार, वाण्याला मात्र आधी द्यायचे, म्हणून त्या सावकाराच्या हातात सापडलेल्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं, जामीन एकमेकींचा. सावकार सुटला. पण 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि ज्यांच्या पगारावर खानावळ चालायची त्यांचा पगारच थांबला. जेवायला माणसं होती, पैसे नव्हते. बायका कष्टात कुठंच कमी पडल्या नव्हत्या. त्यांचं सगळं गिऱ्हाईक एकाच भोंग्यावर अवलंबून होतं. पुढं अन्नपूर्णा केटरिंगकडं वळली. तुम्ही पहिल्या वर्षापासूनच थोडा माल भाविकांना, थोडा रुखवताला, थोडा परभणीच्या किंवा मानवतच्या दुकानांना आणि थोडा पुण्या-मुंबईला गेलेल्या पाथरीकरांना असा विभागा. त्या शेवटच्या गिऱ्हाइकाला तुमच्याच हाताची चव हवी असते आणि तो भावावरून घासाघीस करत नाही.

भावाचं सांगते, कारण इथं बहुतेक बायका बुडतात आणि त्यांना ते कळतही नाही. डाळ, मसाला, तेल, पिशवी एवढं धरून वर थोडं ठेवतात आणि त्याला नफा म्हणतात. स्वतःचे तास कुठंच लिहीत नाहीत. समजा, एक किलो पापडाचा कच्चा माल आणि पाकीट मिळून 190 रुपये लागले आणि तुम्ही 300 ला विकले. राहिले 110. निवडण्यापासून पाकीट भरेपर्यंत त्या किलोला तुमचे तीन तास गेले, तर तासाला साधारण 37 रुपये पडले. आता तुमच्या गावात खुरपणीला जी हजेरी मिळते तिच्याशी हे ताडून बघा. पापडातली कमाई कमी पडत असेल तर भाव वाढवा, नाहीतर तासांची बचत करा, मळणी एकत्र करा किंवा यंत्र घ्या. पुढचा महिनाभर प्रत्येक घाण्यामागं किती वेळ गेला ते मुलीच्या जुन्या वहीत लिहा. सातवीतली मुलगी भागाकार उत्तम करेल. पाहुण्यारावळ्यांना फुकट दिलेलं पाकीटही त्याच वहीत लिहा, न लाजता.

कर्ज घ्यावं का? तुमचा धंदा हंगामी आहे. डाळ आणि गहू फेब्रुवारीत घ्यायचे, पैसे सुटे सुटे दिवाळीपर्यंत येणार. अशा धंद्याला दर आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज घालणं म्हणजे पेरणीच्या दुसऱ्याच आठवड्यात कापूस मागणं. दारात येऊन सहज मिळतं म्हणून ते घेऊ नका. त्यापेक्षा गटाच्या बँक खात्यावर कॅश क्रेडिट मर्यादा मिळते का ते बघा. त्यात लागेल तेवढंच उचलायचं आणि उचललेल्यावरच व्याज. ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या म्हणजे उमेदच्या गटांना तीन लाखांपर्यंतचं कर्ज सात टक्क्यांनी देण्याची तरतूद आहे. तुमचा गट खेड्यातला असेल तर उमेदच्या तालुका कक्षात आणि पाथरी शहरातला असेल तर नगरपरिषदेत विचारा. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत यंत्राच्या खर्चाला 35 टक्के, जास्तीत जास्त दहा लाख, अनुदान आहे आणि गटातल्या बाईमागं 40 हजारांपर्यंत बीजभांडवलही. ही योजना कृषी खात्याकडं आहे, यंदाची स्थिती तालुका कृषी कार्यालयात जाऊन बघा. पण पहिला हंगाम जमलं तर बिनकर्जी काढा. त्यात तुमची वही तयार होईल आणि बँकेत बोलताना ती वही बोलेल.

बँकेची भीती वाटत असेल तर साताऱ्यातल्या म्हसवडचं लक्षात ठेवा. चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, कारण सभासदांपैकी पुष्कळजणी अंगठा देणाऱ्या. बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि तोंडी हिशेबाची परीक्षा घ्या म्हणाल्या. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्या बँकेनं मग आपली माणसं बायकांच्या दारात पाठवली, कारण बँकेत जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी जाते हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. घरून खाण्याचा पदार्थ विकायचा तरी एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. छोट्या उद्योगाला ती सोपी आहे. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. पाकिटावर घटक, वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, तुमचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक. माल किती दिवस टिकतो हे अंदाजानं लिहू नका. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अन्न तंत्रज्ञानाचं महाविद्यालय आहे, तिथं विचारा. याच विद्यापीठातर्फे 'परभणी शक्ती' ही ज्वारी लोह आणि जस्त जास्त असलेली म्हणून 2018 मध्ये प्रसारित झाली. तुमच्या भागातल्या अशा ज्वारीचा पापड, तिचं नाव पाकिटावर लिहून, शहरात चांगला खपू शकेल असं मला मनापासून वाटतं.

आणि घरातलं. मालकांना 'मदत करा' म्हणू नका, त्याला वेळ ठरलेली नसते. एक पूर्ण काम द्या. हंगामाच्या चार महिन्यांत मुलांची संध्याकाळ आणि रात्रीची भांडी त्यांची, असं. सासूबाईंना गुडघ्यानं खाली बसवत नसेल, पण खुर्चीवर बसून डाळ निवडणं आणि वाळवणावर लक्ष ठेवणं जमेल, तर त्यांचेही तास वहीत लिहा आणि त्यांच्या हातात पैसे द्या.

प्रश्न : मीही पाथरी तालुक्यातलाच. बायकोनं गेल्या वर्षी मसाल्याचा उद्योग सुरू केला. कर्ज तिच्या नावावर आहे. बाजारातलं सगळं मीच बघतो म्हणजे तिला घराकडं लक्ष देता येतं. हे बरोबर आहे ना?

उत्तर : दादा, तुमचा हेतू चांगला आहे हे तुमच्या पत्रातून दिसतं. पण कर्ज तिचं, कष्ट तिचे आणि भाव, उधारी, गिऱ्हाईक तुम्हाला माहीत, अशी वाटणी झाली तर दोन वर्षांनी हा उद्योग कुणाचा उरेल? तुम्ही आजारी पडलात तर कोणत्या दुकानात किती येणं आहे हे तिला सांगता येईल का?

लिज्जतनं सभासदत्व फक्त बायकांना ठेवलं, त्याचं कारण मला हेच वाटतं. आणि 1990 च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत कितीतरी शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करायला लावला. आपल्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनीही केला. तुम्हाला एवढंही करायचं नाही, फक्त घराच्या कामातला तिचा एक तास तुम्ही घ्या आणि बाजाराच्या कामातला तुमचा एक तास तिला द्या. आठवड्यातून एकदा दुकानांची फेरी तिनं करावी, त्या वेळी स्वयंपाक तुम्ही. सुरुवातीला दुकानदार तुमचीच चौकशी करतील, तेव्हा तुम्ही फोन उचलू नका.

आणि दुकानात, पाकिटावर जो क्यूआर कोड लावला आहे तो कोणाच्या खात्याचा आहे ते बघा. तुमच्या खात्याचा असेल तर तिच्या नावानं खातं काढून तिचा कोड घ्या आणि त्याला मोबाईल नंबरही तिचाच जोडा, म्हणजे पैसे आल्याचा मेसेज तिला येईल.